मुहूर्ताचे औषध

मित्रांनो, मी नाकात मारायच्या औषधाची एक रिकामी बाटली आहे. पांढरी, वीतभरही उंची नसलेली, खांद्याशी रुंद आणि वर चिमणीच्या चोचीसारखे निमुळते तोंड असलेली. माझे खरे नाव माझ्या पोटावर छापलेले आहे, पण ते इतके लांब आणि अवघड आहे की त्या नावाने मला कधी कोणी हाक मारली नाही. झाशीतल्या ज्या घरात माझे आयुष्य गेले, तिथे मला ‘नाकाचं’ म्हणत. “ते नाकाचं आत ने, पाहुणे आलेत,” हे वाक्य मी सगळ्यात जास्त वेळा ऐकले आहे.

आधीच सांगून टाकते, माझी कहाणी मिरवण्यासारखी नाही. छत्र्या, घड्याळे, शाळेतले फळे आपापली आत्मवृत्ते सांगतात तेव्हा त्यांचा आवाज कसा भरून येतो! त्यांना सांगण्यासारखे काम मिळाले. माझे काम नाकात. चार माणसांत ते बोलताही येत नाही. मी बरीच वर्षे जगले असते तर कदाचित निर्ढावले असते, पण माझ्यासारख्या बाटलीचे आयुष्य एका मोसमाचे असते. तेवढ्या आयुष्यातला बराच काळ माझा लाजण्यात गेला.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे टोप्या घातलेल्या मुली आमच्या पोटात औषध भरत, वर पिचकारी बसवत आणि टोपण लावत. तिथून खोक्यात बसून मी झाशीच्या सदर बाजारात एका औषधाच्या दुकानात आले. माझ्या शेजारी खोकल्याच्या औषधाची लाल बाटली होती. तिचा तोरा मोठा होता. एक चमचा पोटात गेला की माणसाला बरे वाटते, असे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. मला तसे म्हणता येत नव्हते. माझा गुण लगेच येत नाही. मला रोज घ्यावे लागते, आणि त्रास सुरू होण्याआधीपासून घ्यावे लागते, तेव्हा कुठे काही दिवसांनी नाक शांत होते. हे त्या लाल बाटलीला सांगितले तर ती म्हणाली, “म्हणजे तू काहीच करत नाहीस.”

थंडी सरत आली असताना पियुष नावाचे एक गृहस्थ मला घेऊन गेले. त्याच बाजारात त्यांचे चष्म्याचे दुकान होते. त्यांच्या घरात त्यांची पत्नी स्वराली, आठवीतली मुलगी जाई, धाकटी बहीण अलकनंदा आणि वडील केशवराव, पियुष धरून पाच माणसे. केशवरावांना सगळे नाना म्हणत. नानांचे पूर्वज पेशव्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, उंबरा ओलांडला की हिंदी, आणि जाईच्या तोंडात दोन्हींची खिचडी.

मला आणले होते जाईसाठी. थंडी संपून वारे सुटले, बाहेरच्या चिलबिलाच्या, म्हणजे वावळाच्या, झाडाला बारीक बारीक फुले आली, की जाईला शिंका सुरू होत. एक नाही, माळच लागे. डोळे लाल, नाक लाल, घसा आतून खाजे. पुढे गहू कापणीला आला आणि मळणीयंत्रांचा भुसा हवेत उडू लागला की विचारूच नका. वर्गातल्या मुली म्हणत, “नाम फूल का, और फूल से ही दुश्मनी!” जाई हसल्यासारखे करायची.

घरात मात्र हसण्यावारी नेण्यासारखे नव्हते. नानांचा शिंकेवर फार विश्वास. कोणी बाहेर निघाले आणि शिंक झाली, तर निघणाऱ्याने मागे फिरायचे, खुर्चीत टेकायचे, घोटभर पाणी प्यायचे आणि मग निघायचे. एरवी हे ठीक होते. पण जाईची माळ लागली की तिचे बाबा डोक्यात हेल्मेट घालून खुर्चीत बसलेले असत. उठले की शिंक, बसले की पाणी. दुकानाचे कुलूप उघडायला रोज उशीर व्हायचा आणि नोकर फुटपाथवर उभे असायचे.

खरे तर त्या घरात शिंकेसाठी एक गोड शब्दही होता. लहान मूल शिंकले की मोठे माणूस “शतंजीव” म्हणे, म्हणजे शंभर वर्षे जग. जाई तान्ही असताना नाना तिला तसेच म्हणत. पण इतक्या शिंकांना कोण किती वेळा म्हणणार? हळूहळू तो शब्द मागे पडला. तिच्या वाट्याला “झालं सुरू!” एवढेच उरले.

आता माझ्या फजितीला कसा आरंभ झाला ते सांगते. दवाखान्यातल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी पियुषना नीट सांगितले होते, “आज से ही शुरू कर दीजिए, रोज़ सुबह. मौसम आने का इंतज़ार मत कीजिएगा.” पण त्याच वेळी दुकानातून फोन आला. ते एका कानाने फोन ऐकत होते आणि दुसऱ्या कानाने बाई. घरी येऊन त्यांनी एवढेच सांगितले, “नाकात मारायचं. शिंका येऊ नयेत म्हणून आहे.”

नानांनी मला हातात घेऊन चष्म्याच्या वरून पाहिले. “शिंका येऊ नयेत,” ते म्हणाले, “ठीक. पण केव्हा येऊ नयेत? कार्याच्या वेळी. रोज कशाला मारायचं? नाकाला चटक लागेल. शेजारच्या गुप्ताजींना लागली होती, बाटलीशिवाय झोप नाही यायची.”

झाले, मी मुहूर्ताचे औषध ठरले. पुण्याहून टपालाने आलेल्या पंचांगात नाना बघत, आणि त्या दिवशी काही शुभकार्य असेल तरच मला बाहेर काढत. संकष्टीच्या पूजेला काढले. शेजारच्या बारशाला काढले. एरवी मी कपाटात चांदीच्या गुलाबदाणीच्या शेजारी उभी. गुलाबदाणीसुद्धा पाणीच फवारते, पण तिच्यापुढे लोक कौतुकाने मान वाकवतात. मी तिच्याकडे बघून बघून खंगले.

असल्या वापराने गुण कसा येणार? जाई शिंकायची ती शिंकायचीच. आणि मग सगळे माझ्याकडे बघत.

या सगळ्यात अलकनंदाचे लग्न ठरले. अलकनंदा गरौठ्याच्या कॉलेजात शिकवायची. रोज सकाळच्या बसने जायची आणि संध्याकाळी परत यायची. जाईला मराठी वाचायला तिनेच शिकवले, वेणी घालायला तिनेच शिकवले. दोघी एका खोलीत झोपत. जाई फ्रॉकमध्ये होती तेव्हाच ठरले होते की आत्याच्या लग्नात करवली तीच. बोहल्यावर नवरीच्या पाठीशी दिवा घेऊन उभे राहायचे, मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होईपर्यंत. दिवा विझता कामा नये. एवढेच करवलीचे काम, पण जाईला ते साऱ्या जगातले सगळ्यात मोठे वाटायचे. ती आरशासमोर ताटलीत वाटी ठेवून उभे राहण्याचा सराव करायची. मी कपाटातून बघायची.

साखरपुडा घरीच होता. नवऱ्याकडची मंडळी ग्वाल्हेरहून आली. त्या सकाळी मला बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसले, आणि नानांनी काय करावे? माझ्या टोपणाला कुंकू लावले! औषधाच्या बाटलीला कोणी कुंकू लावते का? मला लावले. मला इतके भरून आले की मी मनात म्हटले, आज काहीही झाले तरी हिला शिंकू द्यायचे नाही.

स्वरालीने जाईची मान मागे टाकली, माझे तोंड तिच्या नाकात सरळ वर खुपसले आणि एकामागून एक पिचकाऱ्या मारल्या. जाईने जोरात नाक ओढले. सगळे औषध घशात उतरले. तिने कडू तोंड केले. नाकाच्या आतल्या पडद्याला माझी चोच टोचली ती वेगळीच.

अलकनंदाची ओटी भरायची वेळ झाली. साखरेचा पुडा ठेवलेले तबक जाईच्या हातात होते. खिडकीतून चिलबिलावरून वारा आला. मी कपाटाच्या फटीतून बघत होते. जाईचे ओठ मिटले, नाकपुड्या थरथरल्या, आणि माळ लागली. तबक हिंदकळले, पुडा खाली पडला, साखर पसरली. नवऱ्या मुलाच्या काकू यमुनाबाई पुढेच बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू गेले, “या मुलीला लग्नात जरा आतच ठेवा हो. मागच्या वेळीही असंच झालं होतं म्हणे.”

मागच्या वेळचे मलाही ऐकून माहीत होते. जाई अगदी लहान असताना अलकनंदाचे एक स्थळ ठरत आले होते आणि मोडले. बोलणी चालू असताना जाई शिंकली, म्हणून मोडले, असे झाशीतल्या मराठी घरांमध्ये सगळे म्हणत. नानाही तसेच सांगत. जाई हे ऐकतच वाढली होती. आपल्या नाकाने आत्याचे लग्न मोडले असे तिला मनापासून वाटायचे.

पाहुणे गेल्यावर नानांनी मला उचलून टेबलावर आपटले. “पैसे पाण्यात,” ते म्हणाले. माझ्या टोपणावरचे कुंकू अजून ओले होते. त्या दिवशी मला वितळून जावेसे वाटले, मित्रांनो. प्लास्टिकला तेही जमत नाही.

नंतर जाईने मला स्वतःकडे घेतले. तिला वाटले, चुपचाप घेत राहिले तर होईल काही. पण तिलाही कोणी नीट सांगितलेले नव्हते. शिंक आली की मला काढायची आणि मारायची. शाळेत मी तिच्या मोज्यात असे. एकदा मधल्या सुट्टीत जिन्याखाली तिने मला नाकाशी धरले आणि दोन मुलींनी पाहिले. “अरे, ये तो कुछ सूँघती है! नशा है क्या?” दुपारपर्यंत साऱ्या वर्गात पसरले. बाईंनी बोलावून मला टेबलावर ठेवले, उलटसुलट पाहिले आणि औषध आहे म्हणून परत दिले. पण तोवर जाईचे तोंड एवढेसे झाले होते. त्या दिवसापासून ती मला शाळेत नेईना. घरी पावडरच्या एका रिकाम्या डब्यात तिने मला लपवले. अंधार, जुन्या पावडरीचा वास, आणि एकटेपणा. मीच एखादा गुन्हा असल्यासारखी मी तिथे पडून राहिले.

डब्याच्या पत्र्यातून बोलणी ऐकू येत. करवली म्हणून ग्वाल्हेरच्या कश्मिराला उभे करायचे ठरले. कश्मिरा जाईची मावसबहीण. जाईने खोलीत बसायचे, दार लावून, अंतरपाट दूर होईपर्यंत. हे सांगताना नानांचा आवाज कडक नव्हता. “बेटा, तुझ्यासाठीच. लोक बोलतात ना.”

“मलाच नाही उभं राहायचं, नाना,” जाई म्हणाली. “मला साडी सांभाळता नाही येत. कश्मिरा दीदी ठीक आहे.” मग ती न्हाणीघरात गेली आणि तिने नळ सोडला. नळाच्या आवाजाआड ती रडत होती हे मला कळले. घरात आणखी कोणाला कळले की नाही, सांगता येत नाही.

होळी झाल्यावर एक दिवस अलकनंदा बसला निघायच्या घाईत होती. तिने पावडरचा डबा उचलला आणि हातावर झटकला. पावडरीऐवजी मी पडले, थेट तिच्या तळव्यावर.

“जाई, हे इथे कशाला?”

जाई अंथरुणात उठून बसली. “फेक दो ना, आत्या. याने काही होत नाही.”

“रोज घेतेस?”

“शिंक आली की घेते.”

“आणि डब्यात का?”

जाईने पांघरूण ओढून घेतले. मग एकदम म्हणाली, “सगळे म्हणतात मी नशा करते. आणि तुझं लग्न मोडलं माझ्यामुळे. आता हेपण मोडेल.”

अलकनंदा खाली पलंगावर बसली. बस गेली तरी ती बसूनच होती. थोड्या वेळाने तिने कॉलेजात फोन केला, जाईला कपडे बदलायला सांगितले आणि आम्हा दोघींना रिक्षात घालून दवाखान्यात नेले.

डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “तुम दाँत कब माँजती हो? जब दर्द हो तब?”

“नहीं. रोज़.”

“तो बस. ये भी मंजन जैसा है. नाक खोलने वाली दवा अलग होती है, उसकी आदत पड़ती है. इसकी नहीं पड़ती. पर ये तभी काम करेगी जब रोज़ लोगी. आज लोगी, आज ही असर मत ढूँढना.”

मग त्यांनी जाईकडून करवून घेतले. आधी नाक हलके शिंकरायचे. मला हलवायचे. मान मागे टाकायची नाही, उलट जरा खाली झुकवायची. डाव्या नाकपुडीला उजवा हात, उजवीला डावा, म्हणजे माझी चोच आतल्या पडद्याकडे न जाता डोळ्याच्या बाजूला, बाहेरच्या अंगाला वळते. दाबायचे आणि हळू श्वास घ्यायचा, फुलाचा वास घ्यावा तसा. शेवटी माझे तोंड पुसून टोपण लावायचे. आयुष्यात प्रथमच मला कोणीतरी नीट धरले होते. माझे औषध घशात न जाता जायचे तिथे गेले.

घरी आल्यावर अलकनंदाने मला मोरीजवळच्या पेल्यात, सगळ्यांच्या दात घासायच्या ब्रशांमध्ये उभे केले. नानांच्या ब्रशाला माझा खांदा लागत होता. नानांनी पाहिले, नाक मुरडले आणि आपला ब्रश उचलला.

पहिले काही दिवस फार वाईट गेले. रोज सकाळी जाई मला घ्यायची आणि रोज दुपारी शिंकायची. मला तिच्या तोंडाकडे बघवत नसे. त्या लाल बाटलीचे शब्द आठवत. अलकनंदा रोज बसला जाण्याआधी विचारायची, “घेतलंस?” आणि जाईने घेतलेलेच असायचे.

मग गव्हाची मळणी सुरू झाली. एका संध्याकाळी अलकनंदा गरौठ्याहून आली ती भुशाने माखून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मळणीयंत्रे चालू होती आणि बसच्या खिडक्या लागत नव्हत्या. जाई धावत जाऊन तिला बिलगली आणि मग आठवण होऊन एकदम मागे झाली. नाकावर हात ठेवून उभी राहिली. आम्ही सगळे वाट बघत होतो, मी पेल्यातून, अलकनंदा दारातून. काही झाले नाही. जाईने हात काढला, पुन्हा आत्याच्या खांद्यावर नाक टेकवले आणि भुशाचा वास घेतला. “आत्या,” ती म्हणाली, “तुझ्या अंगाला खेतासारखा वास येतो. मला आत्तापर्यंत माहीतच नव्हतं.”

त्याच रात्रीच्या जेवणाला वाद झाला. अलकनंदा म्हणाली, “करवली जाईच.”

“चार दिवस शिंकली नाही म्हणून काय झालं?” नाना म्हणाले. “ऐन वेळी माळ लागली आणि दिवा विझला तर? तुझं एकदा मोडलेलं आहे.”

“नाना, ते स्थळ कोणी मोडलं?”

नानांचा घास हातातच राहिला.

“त्यांना मी नोकरी सोडायला हवी होती. मी नाही म्हटलं. तुमच्यासमोर म्हटलं. मुलीने नकार दिला हे चारचौघांत सांगायची तुम्हाला लाज वाटली, म्हणून तुम्ही शिंकेवर ढकललंत. ठीक आहे, मीही चालू दिलं, मलाही ते सोपं गेलं. पण ही पोरगी ते ओझं घेऊन मोठी झाली, नाना.”

जाईच्या हातातली पोळी ताटात पडली. ती नानांकडे बघत होती. नानांनी तिच्याकडे पाहिले नाही. ते उठले, मोरीवर हात धुवायला आले आणि बराच वेळ हात धूत राहिले. मी त्यांच्या नाकासमोर होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. आजवर मला वाटायचे, या घरात लाजेने मेलेली मी एकटीच. तसे नव्हते. नानांनी आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वर्षे ती लाज सांभाळली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एवढेच म्हटले, “साडी हलकी बघा तिला. जड साडीत दिवा सांभाळता येत नाही.”

लग्न गोरज मुहूर्तावर, गावाबाहेरच्या एका विवाहघरात होते. भोवती कापलेली शेते आणि हवेत दिवसभराची धूळ. त्या सकाळी विवाहघराच्या बेसिनपाशी ग्वाल्हेरच्या बायकांची रांग होती. जाई मला घेऊन आली. मला वाटले, आता ती कोपऱ्यात वळेल. ती वळली नाही. सगळ्यांसमोर तिने मला हलवले, मान झुकवली, उजवा हात डाव्या नाकपुडीला, डावा उजवीला. कश्मिराने विचारले, “ये क्या है?”

“नाक की दवा. रोज़ की है, मंजन जैसी.”

“अच्छा,” कश्मिरा म्हणाली आणि दात घासू लागली. एवढेच. इतके दिवस आम्ही दोघी ज्याला घाबरत होतो, ते एवढेच निघाले. यमुनाबाई मात्र माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

संध्याकाळी माझी गरज नव्हती, तरी जाईने मला कमरेच्या बटव्यात घेतले. बटव्याचे तोंड अर्धे उघडे होते, म्हणून मला दिसले. दारात गुलाबदाणी पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडत होती. या वेळी मला तिचा हेवा वाटला नाही. मला भीती वाटत होती.

नवरानवरी बोहल्यावर आली, मध्ये अंतरपाट धरला गेला. अलकनंदाच्या पाठीशी हिरव्या साडीत जाई उभी, हातात ताटली, ताटलीत दिवा. गुरुजींनी मंगलाष्टके सुरू केली. प्रत्येक “सावधान”ला अक्षता उडत, आणि अक्षतांबरोबर कुंकवाची पूड, पंख्याच्या वाऱ्याने सगळी जाईच्या अंगावर. एक मंगलाष्टक झाले. दुसरे झाले. मला तिचा श्वास जाणवत होता. तो मोकळा होता.

मग एकदम थांबला. माझ्या पोटात उरलेसुरले औषध होते, तेही गोठल्यासारखे झाले.

जाईने झटकन तोंड खांद्याकडे वळवले आणि शिंकली. दिव्याची ज्योत आडवी झाली, निळी पडली आणि पुन्हा उभी राहिली.

गुरुजी थांबले. सनईवालाही थांबला. लोकांचे हात अक्षतांसकट हवेत राहिले. सगळे जाईकडे बघत होते, कारण सगळ्यांना माहीत होते की तिची शिंक एकटी येत नाही. यमुनाबाईंनी पदर तोंडाला लावला. जाईचा चेहरा पांढरा पडला. ती एक पाऊल मागे सरकली. खोलीत जाऊन दार लावून घ्यायला निघालीच होती ती.

“शतंजीव!”

आवाज पहिल्या रांगेतून आला. नाना उभे राहिले होते. फेटा जरा तिरपा झाला होता. त्यांनी पुन्हा एकदा, मंडपाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असे म्हटले, “शतंजीव, जाई! जागची हलू नकोस बाळ. आणि गुरुजी, तुम्ही का थांबलात? माझी नात शिंकली, बाकी काही झालेलं नाही. म्हणा पुढे.”

आमच्या पुढूनच अलकनंदाचे हसू ऐकू आले. मग कोणीतरी मागून म्हणाले, “शतंजीव.” पियुष म्हणाले, स्वराली म्हणाली. गुरुजींनी घसा खाकरला आणि पुढचे मंगलाष्टक सुरू केले. जाई आपल्या जागी परत उभी राहिली. तिचे डोळे वाहत होते, पण ते शिंकेचे पाणी नव्हते.

लोक अक्षता टाकत होते, तरी सगळ्यांचे कान तिच्याकडेच होते. दुसरी शिंक येणार, म्हणून वाट बघत होते. मीही बघत होते. शेवटचे मंगलाष्टक झाले, अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले, वाजंत्री वाजली.

दुसरी शिंक आली नाही.

मित्रांनो, त्यानंतर माझे फार दिवस उरले नव्हते. एका सकाळी जाईने मला दाबले आणि नुसती हवा आली. माझ्या टोपणाच्या खाचेत साखरपुड्याच्या दिवशीचे कुंकू अजून अडकलेले होते. मला वाटले, आता ती मला कागदात गुंडाळून, कोणाला दिसू नये अशा बेताने कचऱ्यात खाली ढकलेल. मोज्यातल्या, पावडरच्या डब्यातल्या बाटलीने दुसरी काय अपेक्षा करावी? बाहेरच्या खोलीत दुकानातले दोन लोक चहा पीत बसले होते, नाना पंचांग चाळत होते.

जाई त्यांच्या मधून मला हातात घेऊन गेली. “नाना, नाकाचं संपलं,” ती म्हणाली, “आज नवीन आणायचं.”

“आणतो,” नाना म्हणाले. “रोजचं आहे, खंड नको पडायला.”

आणि तिने मला सगळ्यांदेखत दाराजवळच्या टोपलीत टाकले. तिथून मी तुमच्याशी बोलते आहे. माझे तुम्हाला एवढेच मागणे आहे: तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला नीट धरा, रोज घ्या आणि तिला डब्यात लपवू नका. तिला वापरणाऱ्यालाही लपवू नका.

आता पियुष यांची निघायची वेळ झाली आहे. त्यांनी डोक्यात हेल्मेट घातले आहे, दाराशी पोचले आहेत, आणि आतून जाईची एक शिंक ऐकू आली आहे. पूर्वी ते मागे फिरून खुर्चीत बसत. आज ते दारातूनच “शतंजीव” म्हणाले आणि दुकानाकडे निघाले.